हेलपाटे बाईनेच का घालायचे?

ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: ‘पाय घसरून पडल्याने मार.’ पाय घसरून पडलेल्या बाईच्या दंडावर चार बोटं उमटत नाहीत. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना हे कळतं, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला कळतं आणि सोबत आलेल्या जावेला तर सगळंच माहीत असतं. तरी तेच लिहिलं जातं, कारण बाई तेच सांगते. आणि बाई तेच सांगते, कारण नवरा पडद्यापलीकडे उभा असतो. दोन-तीन वर्षांनी ती कोर्टात उभी राहते तेव्हा समोरचा वकील हाच केसपेपर पुढे करतो. ‘तुम्हीच सांगितलं होतं ना, पडले म्हणून?’

घरातल्या मारहाणीचा विषय निघाला की कायदा कडक हवा की सौम्य, बायका त्याचा गैरवापर करतात की नाही, यावरच आपला वाद अडकतो. मला त्याआधीची एक गोष्ट जास्त छळते. मार खाणारी बाई एकटी असते. तिला मदत करणं ज्यांचं काम आहे असे पाच-सात जण तालुक्यात पगारावर असतात, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्या या अबोल्याची किंमत ती चुकवते, वेळेने आणि पैशाने, कधी कधी जिवाने.

तालुक्यापासून पंचवीस किलोमीटरवरच्या गावातली, दोन मुलांची आई, सोयाबीन काढणीला रोजाने जाणारी एक बाई डोळ्यांसमोर आणू या. डोकं फुटल्यावर ती पोलीस ठाण्यात जाते. ठाणे अंमलदार विचारतो, दवाखान्यात जाऊन आलात का? दवाखान्यात विचारतात, पोलिसांचं पत्र आणलं का? ठाण्यात एनसी घेतली जाते, म्हणजे अदखलपात्र नोंद, आणि बाई कागद घेऊन समाधानाने घरी जाते. त्या कागदावर पोलीस स्वतःहून काहीही तपास करणार नाहीत, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. पुन्हा मार बसला की तिला जिल्ह्याच्या महिला कक्षाकडे पाठवतात. तिथे समुपदेशनाच्या तारखा पडतात. पहिल्या तारखेला नवरा येत नाही. दुसऱ्या तारखेला तो आईला घेऊन येतो. तिसऱ्या तारखेला ‘दोघांनी सामंजस्याने राहावे’ असं लिहून फाइल मिटते. मग कोणीतरी वकिलाकडे जायला सांगतं, वकील कोर्टात अर्ज टाकतो, कोर्ट संरक्षण अधिकाऱ्याकडून अहवाल मागवतं, आणि संरक्षण अधिकारी तिला बोलावून म्हणतात, ‘ताई, काय झालं ते पहिल्यापासून सांगा.’

पहिल्यापासून. तिने हे डॉक्टरला सांगितलंय, अंमलदाराला सांगितलंय, समुपदेशक मॅडमना सांगितलंय, वकिलाला सांगितलंय. प्रत्येक वेळी एक दिवसाचा रोज बुडालाय, धाकट्याला शेजारणीकडे ठेवलंय. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे हे खरं, पण सहा हेलपाट्यांचं अर्धं तिकीट म्हणजे तीन पूर्ण हेलपाटेच. शिवाय प्रत्येक सांगण्यात एखादा तपशील मागेपुढे होतो. तारीख चुकते, आधी लाथ की आधी काठी याचा क्रम बदलतो. उलटतपासणीत या फरकांनाच ‘विसंगती’ म्हणतात.

यात कायद्याची चूक किती? माझ्या मते फार थोडी. ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम’ २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो लक्ष देऊन वाचला तर कळतं की लिहिणाऱ्यांना हे हेलपाटे ठाऊक होते. संरक्षण अधिकारी हे पद त्यांनी मुद्दाम मधोमध ठेवलं. त्याने घटनेचा अहवाल लिहायचा, ज्याला कचेरीत सगळे डीआयआर म्हणतात. तो न्यायदंडाधिकाऱ्याला द्यायचा, प्रत संबंधित पोलीस ठाण्याला द्यायची, बाईला दवाखान्यात, निवारागृहात, मोफत वकिलापर्यंत न्यायचं. तिच्या सुरक्षेचा आराखडा भरण्यासाठी नियमांत वेगळा नमुनाच दिलाय. अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली सुनावणी व्हावी, नोटीस दोन दिवसांत बजावावी, साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. कोर्टाने दिलेल्या आदेशाची प्रत त्या हद्दीतल्या ठाणेदाराला विनामूल्य पाठवावी, हेही कलम २४ मध्ये स्पष्ट आहे.

म्हणजे समन्वय कायद्यात आहे. तो करायला माणूस नाही. अनेक ठिकाणी संरक्षण अधिकारी हे पद दुसरंच पूर्णवेळ काम असलेल्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आलं, आणि अतिरिक्त कार्यभाराचं काम सरकारी कचेरीत कोणत्या क्रमांकावर असतं हे सांगायला नको. जिथे स्वतंत्र अधिकारी आहेत तिथेही अनेकांना गाडी नाही, मदतनीस नाही, नोटिसा बजावण्यातच आठवडा जातो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास विभागातले अधिकारी निवडून सहा आठवड्यांत त्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. कायदा संमत होऊन तेव्हा वीस वर्षं होत आली होती. ज्या खांबावर कायद्याचा मांडव उभा आहे तो खांबच रोवला का, हे वीस वर्षांनी विचारावं लागतं, याचा मला संताप येतो.

समन्वय म्हणजे नेमकं काय, यासाठी फार लांब जायची गरज नाही. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती. पोलिसांच्या इमारतीत प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसेल, पण ती पोलीस नसेल. बाई तिच्याशी बोलेल आणि ती बाईच्या बाजूने पोलिसांशी बोलेल. खाकीचा धाकही जवळ आणि ऐकून घेणारं माणूसही जवळ. २००५ नंतर हे कक्ष महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत पसरले. त्याआधी, २००० साली, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. बाईने मदत मागायला कुठेतरी जावं असं म्हणण्याऐवजी, ती जिथे जखम घेऊन नाहीतरी येतेच तिथेच मदत ठेवली. कॅज्युअल्टीतली सिस्टर तिला हळूच बाजूला घेऊन विचारते, ‘घरी कोणी मारतं का?’ हा प्रश्न नवऱ्याच्या माघारी विचारायचा, हे शिकवावं लागतं. तो विचारला गेला की केसपेपरवर ‘पाय घसरून’ येत नाही. जे झालं ते येतं, आणि तो कागद पुढे कोर्टात तिच्या बाजूने उभा राहतो.

या दोन प्रयोगांत मला एक समान धागा दिसतो. दोन्हीकडे यंत्रणेच्या आत एक माणूस असा ठेवलाय ज्याची निष्ठा बाईशी आहे. समन्वय समित्या आपल्याकडे काढल्या तितक्या निघतील. समितीत सगळे आपापल्या खात्याचे प्रतिनिधी असतात, बाईचं कोणी नसतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं डुलुथ हे सरोवराकाठचं मध्यम शहर. १९८१ मध्ये तिथल्या पोलिसांनी, सरकारी वकिलांनी, न्यायालयाने, प्रोबेशन खात्याने आणि महिला निवारागृहाने मिळून ठरवलं की घरातल्या मारहाणीच्या तक्रारीवर प्रत्येकाने काय करायचं हे लिहून काढू, आणि ते होतं का हे निवारागृहाच्या बाजूची माणसं तपासतील. बाहेरच्यांनी यंत्रणेचा हिशेब मागायचा, हा त्यातला खरा गाभा. त्यांच्याकडून एक सावधगिरीही शिकायला हवी. मारहाणीच्या तक्रारीवर अटक सक्तीची करण्याचं धोरण तिथे पसरलं आणि काही ठिकाणी स्वतःला वाचवताना ओरबाडलेल्या बायकांनाही अटक होऊ लागली. नियम आंधळेपणाने राबवला की तो ज्याच्यासाठी केला त्याच्यावरच उलटतो. ब्रिटनमध्ये कार्डिफला २००३ पासून वेगळी रीत पडली. ज्या बायकांच्या जिवाला सर्वांत जास्त धोका आहे, फक्त त्यांच्यासाठी पोलीस, आरोग्य, घरबांधणी, बालसंरक्षण ही खाती ठरावीक काळाने एका टेबलाभोवती बसतात आणि एकेका बाईबद्दल बोलतात. बाई तिथे येत नाही, तिच्या वतीने तिची प्रतिनिधी येते. तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

आता समाजाकडे वळतो, आणि इथे माझं म्हणणं जरा कडू आहे. समाजाचा सहभाग म्हटलं की आपल्याला चांगलंच वाटतं. पण आपल्या गावांत घरातल्या भांडणात समाज आधीपासूनच सहभागी आहे. भावकी बसते, मामा येतात, पोलीस पाटील मध्ये पडतो, सरपंच दोन शब्द सांगतो. स्टॅम्पपेपरवर ‘यापुढे मारहाण करणार नाही’ असं लिहून घेतात आणि बाईला नांदायला पाठवतात. या सगळ्या बैठकांचा केंद्रबिंदू ‘नांदणं’ हा असतो. ती परत गेली की प्रश्न मिटला. तिला तिथे मार बसतोय का, हे पाहायला कोणी परत जात नाही. १५ ऑगस्ट २००७ ला महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू चांगला होता, बांधाचे आणि भाऊबंदकीचे कितीतरी वाद त्यातून मिटलेही. पण तंटा मिटवल्याबद्दल गावाला बक्षीस मिळतं तेव्हा मार खाणाऱ्या बाईचं गप्प बसणंही मिटलेल्या तंट्यात मोजलं जाण्याची भीती असते. बांधाच्या वादात दोघे समोरासमोर, बरोबरीचे असतात. मारहाणीत तसं नसतं. तिथे तडजोड म्हणजे काय? आठवड्यातून दोनदाच मारायचं?

म्हणून माझा आग्रह आहे की गावाने आणि शेजाऱ्यांनी या प्रकरणात निवाडा करणं सोडावं, आणि साक्षीदार व्हावं, पाळत ठेवणारे व्हावं. २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ मोहिमेने सांगितलं होतं: शेजारून मारण्याचा आवाज आला तर जाऊन बेल वाजवा. फार सुंदर कल्पना, कारण ती शेजाऱ्याला न्यायाधीश करत नाही. फक्त ‘मला ऐकू येतंय’ एवढंच त्याच्याकडून वदवून घेते. पण बेल वाजवून घरी आल्यावर पुढे काय, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार घरात हिंसा होतेय असं वाटण्याला कारण असेल तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे कलम ग्रामपंचायतीच्या फलकावर, अंगणवाडीच्या भिंतीवर, दूध संकलन केंद्राच्या दारावर, संरक्षण अधिकाऱ्याच्या फोन नंबरासह रंगवलेलं असायला हवं. अनेक गावांत संरक्षण अधिकारी कोण हे सरपंचालाही सांगता येत नाही.

गावातल्या बायकांना एकत्र येऊन कायद्याचं हत्यार हाती घेता येतं, हे आपण दारूबंदीत पाहिलंय. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, ‘उभी बाटली, आडवी बाटली’, आणि निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. गावाची इच्छा आणि सरकारचा अधिकार यांना जोडणारा असा सरळ रस्ता मारहाणीच्या बाबतीत नाही. बचत गटाच्या बायकांना गटातली कोण मार खाते हे माहीत असतं, हप्ता भरायला ती का आली नाही हेही माहीत असतं. आशाताईंना माहीत असतं. त्यांनी हे सांगायचं कोणाला, आणि सांगितल्यावर गावात त्यांच्या पाठीशी कोण उभं राहणार? आशाताईला त्याच गावात राहायचंय, मारणाऱ्याच्याच घरापुढून रोज जायचंय. तिच्यावर जबाबदारी टाकायची असेल तर तिचं नाव गुप्त ठेवायची हमी आधी द्यावी लागेल.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चारात एक आहे. हिंसा सोसलेल्या देशभरातल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कोणाकडे मदत मागितली. सुमारे ७७ टक्क्यांनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. मागितली त्यांच्यातल्या बहुतेक माहेरी गेल्या, पोलिसांपर्यंत पोचल्या त्या अगदी थोड्या. म्हणजे माहेर हेच आपल्याकडचं सर्वांत मोठं मदत केंद्र आहे, आणि आपण त्याला काहीच शिकवलेलं नाही. ‘चार दिवस राहा, मग आम्ही पोचवून येतो’ हे आईवडील दुष्टपणाने म्हणत नाहीत. धाकटीचं लग्न व्हायचंय, भावजय कुरकुरते, घर दोन खोल्यांचं आहे. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं की सासरच्या घरात राहण्याचा तिचा हक्क कायद्याने मानलेला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेही स्पष्ट केलंय की घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्यावरून तो हक्क नाकारता येत नाही. तिला घरातून काढायचं की मारणाऱ्याला दूर ठेवायचं, हा पर्याय कोर्टापुढे असतो. माहेरच्यांना तो माहीत नसतो.

खोट्या तक्रारींचं काय, असं विचारणारे विचारतीलच, आणि त्यांना झटकून टाकायची माझी इच्छा नाही. विवाहितेच्या छळाबद्दलच्या पूर्वीच्या कलम ४९८ अ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, सरसकट सगळ्या सासरला गोवल्याची प्रकरणं न्यायालयांसमोर आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने पोलिसांना यंत्रवत अटक करू नका असं बजावलं, ते योग्यच झालं. पण गोवणं सोपं का जातं? पहिला मार बसला तेव्हाची नोंद नसते, दुसऱ्याची नसते, आणि पाच वर्षांनी सगळं एका फिर्यादीत ओतलं जातं, तेव्हा वकील नणंदेचं, तिच्या नवऱ्याचं, पुण्यातल्या दिराचंही नाव घालतो. दवाखान्याची, शेजाऱ्याची, संरक्षण अधिकाऱ्याची त्या त्या वेळची नोंद असेल तर कोणी मारलं आणि कोणी नाही हे त्या नोंदीच सांगतील. निर्दोष नणंदेलाही याच समन्वयाची गरज आहे.

समुपदेशनाबद्दल एक राहिलंच. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की समुपदेशनात मारणाऱ्याला आपल्या मारण्याचं समर्थन करू द्यायचं नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. ‘ती उलट बोलली म्हणून’, ‘भाकरी करपली म्हणून’, काही चालणार नाही. हिंसा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची. जिल्ह्याच्या कक्षांतल्या किती खोल्यांत हा नियम भिंतीवर आहे? आणि पुरुषांशी बोलणारं कोणी हवं. ‘मावा’सारखी संस्था १९९३ पासून मुंबईत पुरुषांसोबत काम करते आहे. अशी माणसं तालुक्याला कुठून येणार, हे मला अवघड वाटतं, पण नियमाचं पान चिकटवायला बाहेरून कोणी यावं लागत नाही.

मला हवी आहे ती फार मोठी योजना नाही. तालुक्याला एक पूर्णवेळ संरक्षण अधिकारी, ज्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नसेल. बाई आधी कुठेही जावो, दवाखान्यात, ठाण्यात किंवा पीडित बायकांना एका छताखाली मदत देणाऱ्या सरकारी ‘सखी’ केंद्रात, तिचं म्हणणं तिथे एकदाच लिहिलं जावं, तिच्या संमतीने, आणि तोच कागद बाकीच्यांकडे जावा. महिन्यातून एकदा तहसील कार्यालयात ठाणेदार, वैद्यकीय अधिकारी, विधी सेवा समितीचा वकील, संरक्षण अधिकारी आणि गावात काम करणाऱ्या संस्थेची एक बाई, एवढ्यांनी दोन तास बसावं. ज्यांच्या जिवाला धोका आहे अशा पाच-सहा जणींबद्दलच बोलावं, आणि संस्थेच्या बाईला ‘तुम्ही सांगितलं होतं ते का झालं नाही’ असं विचारायचा अधिकार असावा.

त्या बैठकीत पहिला प्रश्न कोणता हेही मी ठरवून ठेवलंय. गेल्या महिन्यात तालुक्यात कोर्टाने किती संरक्षण आदेश दिले आणि त्यांपैकी कितींची प्रत ठाण्यात पोचली? आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. पण रात्री अकरा वाजता नवरा दार ठोकतो, बाई फोन करते, आणि ठाण्यात रात्रपाळीला बसलेल्या शिपायापुढे तो आदेश नसतो. तो बाईकडे असतो, साडीच्या घडीत, पिशवीत, पत्र्याच्या पेटीत कुलुपात. शिपाई तिला फोनवर सांगतो, ‘ताई, उद्या सकाळी कागद घेऊन या.’